मुंडगोडची अक्का आणि तिचा कागद

दिवाळी सरली की बेळगावात स्वेटरवाले येतात. रस्त्याकडेला बांबू रोवून, ताडपत्री ताणून रांगेनं दुकानं लागतात आणि मगच आमच्याकडं थंडी सुरू झाली असं धरतात, पारा काही का सांगेना. लहानपणी आम्ही त्यांना सरसकट 'नेपाळी' म्हणायचो. ते नेपाळी नव्हेत, तिबेटी, हे कळायला मला कॉलेज संपावं लागलं.

मागच्या खेपेला मावशीला घेऊन गेलो होतो. मावशी खानापूर तालुक्यातली. समोरच्याचं गाव, घर, पोरंबाळं विचारल्याशिवाय तिची खरेदी होत नाही.

"अक्का, गाव कुठलं तुमचं?"

"मुंडगोड." उत्तर कन्नड जिल्ह्यातलं ते, तिथं तिबेट्यांची वसाहत आहे.

"ते नव्हे हो, मूळ गाव?"

"मूळ मुंडगोडच. आई तिबेटची. मी इथंच झाले, चौऱ्याऐंशी साली."

"मग इथल्याच की तुम्ही!"

अक्का हसली. "आहे पण, नाही पण," म्हणाली आणि स्वेटरची घडी घालू लागली.

रिक्षात बसल्यावर मावशीनं मला धरलं. "इथं जन्मली, कन्नड बोलते, आपल्याशी मराठीही बोलते. मग 'नाही पण' म्हणजे काय?" रिक्षा घरापाशी येईपर्यंत सांगून होईल असं ते उत्तर नाही. म्हणून इथं लिहितो.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण आपण ते फार सैल वापरतो. ऊसतोडीला बीडकडून चिकोडी-अथणीच्या कारखान्यांवर येणारी जोडपी स्थलांतरित. पोटासाठी आली, हंगाम संपला की परत जातील. घटप्रभेवर हिडकलचं धरण झालं तेव्हा हुक्केरी भागातल्या ज्यांची घरं पाण्याखाली गेली, ते विस्थापित. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर अजून वर दिसतं. गाव गेलं, जमीन गेली, तरी या लोकांचं मत गेलं नाही, रेशन कार्ड गेलं नाही, देश तोच राहिला. निर्वासिताचं तसं नसतं. तो जिवाच्या भीतीनं देशाची हद्द ओलांडून आलेला असतो, आणि ज्या सरकारनं त्याला सांभाळायचं त्याच सरकारची त्याला धास्ती असते. 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारात ही भीती कशामुळे असू शकते याची पाच कारणं दिली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटाचं असणं, राजकीय मत. दुष्काळ किंवा गरिबी त्या यादीत नाही.

एक गोष्ट जाता जाता बोलून घेतो, कोणाला राग आला तर येवो. आपल्याकडं सीमाप्रश्नाच्या सभेत 'आम्हाला आमच्याच घरात निर्वासितासारखं वागवतात' हे वाक्य हमखास येतं आणि टाळ्याही घेतं. दुःख खरं आहे, शब्द चुकीचा आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरला आपण झोपलो त्या घरातच उठलो, राज्य तेवढं बदललं. आपण भाषिक अल्पसंख्याक. राज्यघटनेत आपल्यासाठी 350 अ आणि 350 ब ही कलमं आहेत, हातात मत आहे, मोर्चा काढायला कलम 19 आहे. अक्काकडं काय आहे ते पुढं बघूच.

आता कायद्याकडं वळू. ऐकणाऱ्याला पहिला धक्का इथंच बसतो: भारतात निर्वासितांसाठी कायदाच नाही. 1951 च्या करारावर आणि त्याला जोडलेल्या 1967 च्या पुरवणी करारावर भारताची सही नाही. देशाच्या कायद्यानं माणसं दोनच प्रकारची, नागरिक आणि परदेशी. अनेक दशकं हे सगळं 1946 च्या परदेशी नागरिक कायद्यावर चाललं. 2025 मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, पण 'निर्वासित' हा तिसरा खण त्यातही उघडलेला नाही. मग इतक्या लोकांना आसरा मिळाला तो कसा? सरकारच्या मर्जीनं, त्या त्या गटापुरता आदेश काढून. म्हणून एका गटाला जे मिळालं ते दुसऱ्याला मिळेलच असं नाही.

हे समजायला लांब जायला नको. निपाणी, चिकोडी, संकेश्वरची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. घाऊक कापडाची ती बाजारपेठ म्हणजे दोन निर्वासितांच्या कहाण्या एकावर एक रचलेल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीनं सैबेरियाकडं हाकललेले पोलंडचे लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांतले सुमारे 5,000 जण, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या, म्हणजे आजच्या गांधीनगरच्या, छावणीत राहिले. मग ते निघून गेले. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी मायदेशी. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आजही आहे. त्यांची छावणी रिकामी होत होती तोवर फाळणी झाली आणि सिंधमधून आलेली कुटुंबं तिथं उतरली.

सिंध्यांचं नशीब कागदाच्या बाबतीत बरं होतं. राज्यघटनेचं सहावं कलम खास पाकिस्तानातून आलेल्यांसाठी लिहिलं गेलं. आपला किंवा आईबाप, आजीआजोबांचा जन्म अखंड हिंदुस्थानातला, आणि 19 जुलै 1948 च्या आधी येऊन इथं राहिलेले, तर थेट नागरिक. नंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली, पण वाट होती. सगळं गमावून आलेला माणूस दोन-तीन वर्षांत मतदार झाला. त्यामुळं आज गांधीनगरच्या कापडवाल्याला कोणी निर्वासित म्हणत नाही, तो भाव जास्त सांगतो एवढीच तक्रार उरली आहे.

तिबेटी लोकांसाठी असं कलम नव्हतं.

मार्च 1959 मध्ये दलाई लामा ल्हासातून निघाले आणि महिनाअखेरीस भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागोमाग सुमारे 80,000 माणसं आली. सुरुवातीला आसामातलं मिसामारी, बंगालमधला बक्सा इथं छावण्या पडल्या. बक्सा म्हणजे इंग्रज जिथं राजकैदी ठेवत तो किल्ला. तिथं शेकडो भिक्षू राहिले आणि क्षयानं बरेच दगावले. बाकीच्यांना हिमालयात रस्ते फोडायच्या कामाला लावलं. हे कायमचं चालणार नव्हतं. पंतप्रधान नेहरूंनी राज्यांना जमीन विचारली आणि सगळ्यांत मोकळ्या हातानं पुढं आलं ते म्हैसूर राज्य, म्हणजे आजचं कर्नाटक. म्हैसूरजवळ बायलकुप्पे आधी वसलं, 1966 मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातलं मुंडगोड. सुमारे 4,000 एकर जंगलजमीन, भाडेपट्ट्यानं. नंतर बक्सातले भिक्षूही तिथं आले आणि द्रेपुंग व गंदेन या ल्हासाजवळच्या दोन महामठांनी मुंडगोडात नव्यानं पाया घातला.

तेव्हा मुख्यमंत्री होते एस. निजलिंगप्पा. तिबेटी लोक हे नाव आजही कृतज्ञतेनं घेतात. आमच्याकडं हे नाव निघालं की म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, कारण त्याच 1966 साली महाजन आयोग नेमला गेला आणि बेळगावचा तंटा पेटला होता. एकाच मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत उत्तर कन्नडात परक्यांना जागा मिळाली आणि इकडं आम्ही जागेवरून भांडत राहिलो. यात कुणाचा दोष काढत नाही, पण हा योगायोग मला विसरता येत नाही.

चार हजार मीटर उंचीवर बार्ली पिकवणारी, याक राखणारी ही माणसं मलनाडच्या कडेला येऊन भात आणि मका लावायला शिकली. उन्हानं कासावीस झाली. पावसावरची शेती, वरून हत्ती आणि रानडुक्कर. पिकानं वर्षाचं भागेना, तेव्हा स्वेटरचा धंदा आला. तो कसा चालतो हेही ऐकण्यासारखं आहे. पावसाळा संपता संपता ही मंडळी लुधियानाला जातात. तिथले व्यापारी त्यांना माल उधारीवर देतात, बहुतेक व्यवहार विश्वासावर. माल घेऊन देशभरच्या शहरांत पांगायचं, दोन-तीन महिने विकायचा आणि हंगाम संपला की हिशेब चुकता करायचा. बँकेकडं गहाण ठेवायला नावावर जमीन नाही, तेव्हा पत एवढंच भांडवल. आपल्याकडच्या आडत्याला शेतकऱ्याची जी खात्री असते, तीच ही.

आता अक्काचा कागद. 'आर. सी.' म्हणतात त्याला, नोंदणी प्रमाणपत्र. सोळा वर्षं झाली की तिबेटी मुलाला तो काढावा लागतो. 'हा परदेशी आहे आणि त्याची नोंद आमच्याकडं आहे' एवढंच तो सांगतो. पूर्वी तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागे, पुढं इथं जन्मलेल्यांना पाच-पाच वर्षांसाठी मिळू लागला. परदेशी जायचं तर पासपोर्ट नाही. पिवळ्या मुखपृष्ठाचं 'ओळख प्रमाणपत्र' असतं, ते विमानतळावरच्या माणसाला दाखवून समजावताना नाकी नऊ येतात. आणि तिबेटी लोकांचं स्वतःचं एक हिरवं पुस्तक आहे, धरमशालेच्या निर्वासित प्रशासनाचं. त्यात वर्षाची वर्गणी भरल्याची नोंद असते. भारत सरकारच्या लेखी त्या पुस्तकानं काही सिद्ध होत नाही, पण घरात ते देवाजवळ ठेवल्यासारखं जपतात.

तर मग अक्का 'आहे पण, नाही पण' का? इथं जरा गणित करावं लागेल, पेन्सिल घ्या.

नागरिकत्व कायदा 1955, कलम 3. 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस नागरिक, आईबाप कुणीही असोत. 1 जुलै 1987 पासून 3 डिसेंबर 2004 च्या आधीपर्यंत जन्मलेला असेल तर आईबापांपैकी एक तरी नागरिक हवा. त्यानंतर जन्मला असेल तर दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नको.

अक्काचा जन्म 1984 चा. म्हणजे आईबाप तिबेटचे असले तरी ती कायद्यानं जन्मतः भारतीय. नवरा 1982 चा, तोही. म्हणून त्यांची मुलंही भारतीय. पण अक्काचा धाकटा भाऊ 1988 चा. तेच घर, तेच आईबाप, कदाचित बाळंतपणाची खाटही तीच, आणि तो परदेशी. त्याची बायको 1990 ची, तीही परदेशी, म्हणून पोरंही परदेशी. एका अंगणात चार पोरं लगोरी खेळतात, त्यांतली दोन भारताची नागरिक आणि दोन नाहीत. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काय मेलं हे, पंचांग बघून बाळंत व्हायचं का?" जवळजवळ तसंच.

नवल पुढं आहे. 1984 च्या अक्काला हे माहीतच नव्हतं, आणि वर्षानुवर्षं कचेऱ्यांनाही ते माहीत नव्हतं किंवा मान्य नव्हतं. तिबेटी म्हटलं की आर. सी., विषय संपला. हे बदललं ते सरकारनं आपणहून केलेल्या फेरविचारानं नाही. तिबेट्यांमधल्याच कुणीतरी कायद्याचं पुस्तक उघडून तारखा वाचल्या म्हणून बदललं.

नामग्याल डोल्कर ही 1986 साली हिमाचलातल्या कांगड्यात जन्मलेली मुलगी. 2008 मध्ये तिनं पासपोर्टसाठी अर्ज केला. नकार आला. कारण काय, तर तू तिबेटी, आणि आधी तूच ओळख प्रमाणपत्र मागताना स्वतःला तिबेटी लिहिलं होतंस. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर 2010 मध्ये निकाल लागला: 1950 ते 1987 च्या तारखांत इथं जन्मली म्हणजे ती नागरिक आहे, आणि एखाद्या अर्जात स्वतःला दुसरं काही लिहिल्यानं जन्मानं आलेलं नागरिकत्व जात नाही. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं कचेरीत खिडकीपलीकडचा माणूस जे लिहायला सांगतो तेच आपण लिहितो. त्या एका शब्दावर पुढं हक्क अडवायचा हा प्रकार आपणही पाहिलेला आहे. पुढं हीच नामग्याल डोल्कर तिबेटी निर्वासितांच्या संसदेची सदस्य झाली.

2013 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं असाच निकाल दिला. तिथं अर्जदार होते लिंग रिनपोछे, 1985 साली भारतात जन्मलेले आणि मुंडगोडच्या द्रेपुंग मठात वाढलेले. म्हणजे हे प्रकरण आपल्या शेजारचं. फेब्रुवारी 2014 मध्ये निवडणूक आयोगानं अशा तारखांत जन्मलेल्या तिबेट्यांची नावं मतदार यादीत घ्या असं कळवलं. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पासपोर्ट देण्याबद्दल पुन्हा बजावलं.

इथंवर ऐकलं की वाटतं, झालं, जिंकले. पण अक्कानं मतदार यादीत नाव घातलेलं नाही, पासपोर्टही काढलेला नाही. 2017 मध्ये अटी आल्या: पासपोर्ट हवा असेल तर आर. सी. आणि ओळख प्रमाणपत्र परत करा, निर्वासित म्हणून मिळणारे फायदे सोडा आणि वसाहतीतून बाहेर पडा. या अटींवरूनही पुन्हा न्यायालयात भांडण गेलं. पण अक्काच्या जागी उभं राहून बघा. वसाहतीतलं घर भाडेपट्ट्याच्या जमिनीवर, म्हातारी आई त्याच घरात, भाऊ परदेशी. कागद घ्यायचा तर घर जातं की काय ही भीती. शिवाय एक प्रश्न तिच्याच माणसांचा. सगळे भारतीय झाले तर तिबेटची गोष्ट कोण सांगणार? धरमशालेचं प्रशासन म्हणतं, ज्याचा त्याचा निर्णय. जेवणाच्या ताटावर मात्र बाप-लेकांत यावरून खटके उडतात.

माणूस निर्वासिताचा कार्यकर्ता कसा होतो, याबद्दल आपल्या डोक्यात सिनेमातलं चित्र असतं: मंच, माईक, भाषण. प्रत्यक्षात सुरुवात अर्जापासून होते. अक्काच्या बाजाराचंच घ्या. दर हंगामात शहरात जागा मागावी लागते, त्यासाठी महापालिकेला अर्ज, पोलिसांना यादी, विजेची जोडणी, कचऱ्याची हमी. विक्रेत्यांमध्ये एक तरी माणूस लागतो ज्याला कन्नडमध्ये अर्ज लिहिता येतो आणि साहेबापुढं न अडखळता बोलता येतं. पुढच्या वर्षी लोक त्यालाच आर. सी. च्या नूतनीकरणाला सोबत नेतात. मग शाळेच्या दाखल्याला. मग वसाहतीत प्रत्येक कँपचा पुढारी निवडतात तेव्हा त्याचंच नाव पुढं येतं. आमच्या वडगाव-शहापूरच्या विणकर गल्ल्यांतही मराठी कागदपत्रांसाठी भांडणारी माणसं अशीच घडली. आधी दुसऱ्याचा अर्ज लिहून दिला, नंतर नेते झाले.

फरक एवढाच की आमच्या अर्जाखाली मतदाराची सही असते. अक्काच्या माणसाच्या अर्जाखाली परदेशी माणसाची. घटनेतली कलम 14 आणि 21, म्हणजे समान वागणूक आणि जीविताचं संरक्षण, ही भारतात असलेल्या कुणाही माणसासाठी आहेत. 1996 मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठणकावलं होतं: नागरिक असो वा नसो, माणसाचा जीव राखणं राज्याचं काम आहे. पण बोलण्याचं, जमण्याचं, संघटना करण्याचं कलम 19 फक्त नागरिकांसाठी. चीनचा कुणी बडा पाहुणा दिल्लीत यायचा असला की निदर्शनं करणाऱ्या तिबेट्यांना उचलून बसवतात, ते यामुळं सोपं जातं. म्हणून त्यांची बाजू मांडण्याची रीत वेगळी झाली. आवाज खाली, फाइल जाड. भांडण न करता पाठपुरावा. केंद्राचं 2014 चं तिबेटी पुनर्वसन धोरण अशाच चिवटपणातून आलं. जमिनीचे भाडेपट्टे नीट कागदावर आणावेत, रेशन, रोजगार हमीसारख्या योजना द्याव्यात, व्यापाराचे परवाने द्यावेत, असं त्यात राज्यांना सुचवलं. सुचवलं, बांधलं नाही. राज्याराज्यांत अंमल वेगवेगळा.

आणि 2019 चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा? हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. तो पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या ठरावीक धर्मांच्या लोकांसाठी आहे. तिबेट त्या यादीत नाही. बौद्ध असून उपयोग नाही.

यंदा संक्रांतीच्या आधी पुन्हा त्या दुकानावर गेलो. हंगाम संपत आलेला, अर्धी फळी रिकामी. मावशीनं तिळगूळ पाठवला होता आणि एक निरोप: अक्काला सांग, तारखा तुझ्या बाजूच्या आहेत. सांगितलं. अक्काला आता ते माहीत होतं. मोठी पोरगी हुबळीत वकिलीला आहे, तिनंच वही काढून सगळ्या घराच्या जन्मतारखा एका पानावर मांडल्या आहेत, म्हणाली. नागरिक असलेल्यांपुढं टिकमार्क, नसलेल्यांपुढं कोरी जागा.

"भावापुढं काय लिहिलंय?" मी विचारलं.

"पेन्सिलनं लिहिलंय," अक्का म्हणाली आणि मावशीसाठी लोकरीची कानटोपी कागदात गुंडाळू लागली. पैसे घ्यायला मात्र तयार होईना.